साखरपुड्याची काळी कार्डं

भालकी, ५ ऑगस्ट २०२४

शैला,

आशीर्वाद, खुशाली वगैरे तुला पाठ आहे, तेव्हा ते सगळं पोचलं असं समज. तुझा फोन मला लागत नाही आणि व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांपुढे दीड वर्षापासून एकच टिक आहे. म्हणून हे पत्र. सांगलीच्या घरी न पाठवता तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलेलं पाकीट आधी किती हातांतून फिरतं ते मला ठाऊक आहे.

काल अण्णा मंठाळहून आले होते. मोठी गोष्ट बारक्या गोष्टींच्या मधेच सांगून टाकायची तुझ्या वडलांची सवय तुला माहीतच आहे. पंपाची मोटर जळाली, नागव्वा वहिनींचा गुडघा धरलाय, आणि "शैलाला पाचवा लागलाय." मी "व्हय की" म्हणाले. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं हे सख्ख्या भावाला कळू द्यायची लाज वाटली. ते बसनं परत गेल्यावर मी तुझ्या खोलीत जाऊन बसले. पाचवीला मंठाळहून आलीस ती बी.एड. होईपर्यंत बारा वर्षं तू या खोलीत होतीस. अजून तिला सगळे तुझीच खोली म्हणतात. सगळे म्हणजे मीच.

आनंद झाला, शैला. फार झाला. पेढे आणले आणि शेजारी वाटताना कारण सांगितलं नाही, कारण "आत्याला कधी कळलं" असं कुणी विचारलं असतं.

आता कामाचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कार्डं आणि अल्बम एवढाच माझा उद्योग आहे, आणि तो बरा चाललाय. सध्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे मडिवाळप्पा आले आहेत. चौतीस वर्षं काट्यावर काढून ते घरी बसले आणि आता त्यांना त्या चौतीस वर्षांचा अल्बम हवा आहे. पिशवीभर फोटो आणून ओतले. प्रत्येक फोटोत मडिवाळप्पा आहेत आणि त्यांच्या मागे उसानं भरलेली गाडी आहे. आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग ट्रक. फोटो बदलतो तशी त्यांची मिशी पांढरी होत जाते, ऊस तसाच हिरवा.

आता अशा अल्बमला पानाचा रंग कोणता द्यावा? हिरवा द्यावा तर फोटो पानात बुडून जातील. लाल दिला तर डोळ्यांत जाईल. मी मुलांना शिकवायचे ते तुला आठवत असेल: ताटात जशी भाकरी, भाजी आणि चटणी, तसे पानावर तीनच रंग. भाकरीएवढा एक, भाजीएवढा दुसरा आणि चटणीएवढा तिसरा. ते शिकवायचे मी, पण चटणी कोणती हे बारा वर्षं तूच सांगत होतीस. मी कागद कापून, फुलं वळून, लेस चिकटवून तयार करायची आणि तू येता-जाता म्हणायचीस, "आत्या, हितं येक डाळिंबी टिकली पायजे." आणि ती टिकली लागली की पान उभं राहायचं. तेव्हा मडिवाळप्पांसाठी एक रंग सुचव. पोस्टकार्डावर दोन शब्द लिहिलेस तरी चालतील.

साखरपुड्यात रंगावरून जो घोळ झाला तो आता जुना झाला. दोन्हीकडून थोडं थोडं चुकलं असेल. या दिवसांत असलं काही मनात ठेवू नये.

तब्येतीला जप.

हेमावती आत्या


भालकी, २७ ऑगस्ट २०२४

शैला,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असंही नाही.

मडिवाळप्पांच्या अल्बमला शेवटी मीच रंग दिला. गुळाचा. जुन्या ढेपेसारखा तपकिरी, त्यावर उसाच्या पाचटाचा फिका पिवळा. वजनाच्या जुन्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यांच्या कडा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवल्या आणि फोटोंच्या कोपऱ्यांना लावल्या. बरा दिसतोय. पण हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.

परवा ते वरचं पुठ्ठ्याचं आवरण पसंत करायला आले. कागदांचा खालचा खण मी कधी उघडत नाही, तो त्यांनी आपणहून ओढला. त्यात ते काळे कागद आहेत. जाड, बारीक दाण्याचे, उरलेले नऊ. मडिवाळप्पांनी एक उचलून उजेडात धरला.

"बाई, ह्यो तर बिदरीवानी दिसायलाय. ह्योच लावा की वर."

"न्हाई, तो नको."

"कामून?"

आणि मी सांगितलं, "माझ्या पुतणीनं हट्टानं साखरपुड्याला काळी कार्डं करून घेतली. पावण्यांची तोंडं बघाय पायजे व्हती तुमी." मडिवाळप्पा पोट धरून हसले. मीही हसले.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हा किस्सा मी त्यांना पहिल्यांदा सांगत नव्हते. माझ्या निरोपसमारंभात शिक्षकांच्या खोलीत सांगितला होता. लग्नपत्रिकेचं काम घेऊन आलेल्या दोन घरांना सांगितला. कुठं थांबायचं, कुठं भुवया उंचवायच्या, हेही माझं ठरून गेलंय. दीड वर्षात तो इतका घासून गुळगुळीत झालाय की परवा सांगताना मला तो खराच वाटला.

तेव्हा खरं काय झालं ते मी आज इथे लिहून ठेवते. तुला ते सांगायची गरज नाही. मला आहे.

साखरपुड्याच्या दोन महिने आधी आपण दोघी जमिनीवर कागद पसरून बसलो होतो. सांगलीहून एक्कावन्न माणसं येणार होती, प्रत्येकाच्या हातात देण्यासाठी स्वागताचं एकेक कार्ड आणि तुझ्या सासूबाईंना एक मोठा अल्बम, एवढं करायचं होतं. तू हळदीचा पिवळा काढलास, बांगडीचा हिरवा काढलास आणि चटणीला डाळिंबी ठेवलास. मी काळा काढला.

तू म्हणालीस, "आत्या, काळं नको. सांगलीची माणसं हायत."

मी म्हणाले, "बिदरची पोरगी हायस तू. बिदरीची लाज वाटायलीय का तुला?"

तू डाळिंबी कागद परत गठ्ठ्यात सारलास. मग मीच भाषण दिलं. आपल्याकडे मंत्री आला की त्याला काय देतात? काळ्या अंगावर चांदीची वेल असलेली बिदरी फुलदाणी. मुलीला आंदणात काय देतात? बिदरी डबी. काळ्याशिवाय चांदी दिसते का? सगळं खरं होतं. पण मी ते तुझ्यासाठी बोलत नव्हते. आदल्या वर्षी बिदरच्या प्रदर्शनात माझ्या काळ्या-रुपेरी कार्डाला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि ते माझ्या डोक्यात गेलं होतं. सांगलीच्या पाहुण्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहावं आणि "हे कुणी केलं" असं विचारावं, एवढंच मला हवं होतं.

दोन महिने मी रुपेरी कागदाच्या दोऱ्याएवढ्या पट्ट्या कापल्या. सुईवर गुंडाळून पाकळ्या केल्या, पाकळ्यांची फुलं, फुलांच्या वेली. बोटाची कातडी निघाली. तूही रोज कॉलेजातून येऊन माझ्याबरोबर वेली चिकटवल्यास.

आणि त्यांनी विचारलंच. हॉलमध्ये कुंकू लावून झालं, साखर वाटून झाली, तुझ्या सासूबाईंनी, श्रीदेवीबाईंनी, अल्बमवरचं रेशमी कापड बाजूला केलं. वाजंत्री तेवढ्यात थांबली होती. त्यांनी काळ्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग आपल्या माणसांच्या हातांतल्या कार्डांकडे पाहिलं. "शुभकार्याला काळं? हे कुणी निवडलं?"

मी तुझ्याशेजारीच उभी होते. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण कार्डं माझ्या हातची आहेत हे मीच सकाळपासून दारात सांगत सुटले होते. आणि मी म्हणाले, "शैलानंच. तिला काळा आवडतो."

तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मग त्यांना म्हणालीस, "व्हय. मीच."

एवढंच झालं. मला कुणी धमकावलं नव्हतं. विचार करायला वेळ मिळाला नाही असंही नाही, चांगला एक श्वास घेऊन बोलले. माझं नाव जाण्यापेक्षा तुझं गेलेलं मला परवडलं. मागच्या पत्रात "दोन्हीकडून थोडं थोडं चुकलं" असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. तू मला अडवलं होतंस, मी ऐकलं नाही, आणि वर तुझंच नाव घेतलं.

पाहुणे जेवायला उठले तेव्हा कार्डं खुर्च्यांवर तशीच पडली होती. एकानंही सोबत नेलं नाही.

हेमावती


भालकी, १८ सप्टेंबर २०२४

शैला,

अण्णा तुझ्या कुबसाचा दिवस ठरवायला सांगलीला जाऊन आले. तुझ्या सासरी त्याला डोहाळजेवण म्हणतात, पण नाव काही असो, सातव्यात माहेरची चोळी आणि हिरवं लुगडं घेऊन आपली माणसं गेलीच पाहिजेत. अठरा ऑक्टोबर ठरलाय म्हणाले.

  मग म्हणाले, "हेमा, येक इचारू का? पोरगीला काळं खरंच आवडत व्हतं का गं?"

मी विचारलं, "कामून?"

मग त्यांनी सांगितलं. गौरीच्या तयारीत घरातल्या सगळ्या बायका ताटं सजवत होत्या आणि तू लांब खुर्चीवर रिकामी बसली होतीस. अण्णांना वाटलं, दिवस आहेत म्हणून विश्रांती देत असतील. ते तसं बोलूनही गेले. तर श्रीदेवीबाई सरळ म्हणाल्या, "तिच्या हातचं शुभकार्याला नको. तिचा हात काळ्याकडं जातो." लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात तुझे सासरे जिन्यावरून पडून पाय मोडला, तो त्या कार्डांमुळे. जावईबापू प्रशांतकुमारांची बढती हुकली, तीही त्यामुळेच. दिवाळीची रांगोळी नाही, पूजेचं ताट नाही, दाराचं तोरण नाही. शिव्या नाहीत, मारहाण नाही, खाण्यापिण्याला कमी नाही. फक्त तुझा हात नको.

"आन् शाळंतल्या बाईनं फळा सजवाय सांगितलं तर न्हाई म्हणली म्हणं," अण्णा म्हणाले. "पोरगी कातरीला हात लावंना झालीय. माझ्या घरची पोर, कागुद दिसला की त्याचं फूल करायची."

तुझ्या आईला, वहिनींना, हे वर्षभर ठाऊक होतं. त्यांनी अण्णांना सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. मला का सांगतील? त्यांच्या लेखी मी फक्त तुझा हट्ट पुरवणारी आत्या होते.

शैला, मला वाटत होतं तू माझ्यावर रुसली आहेस आणि तिकडे सुखात आहेस. माझं एक वाक्य त्या हॉलमध्येच राहिलं असं मी धरून चालले होते. ते तुझ्याबरोबर सांगलीला गेलं, तुझ्या स्वयंपाकघरात बसलं, तुझ्या ताटाला हात लावू देईना झालं, आणि मी इकडे त्याचा किस्सा करून लोकांना हसवत होते. मला माझी लाज वाटते. अण्णांसमोर रडले नाही. त्यांना खरं सांगितलं आणि ते चपला घालून निघून गेले. चहा तसाच राहिला.

बसवण्णांचं नाव घेणारी माणसं आपण. शुभ-अशुभ मानू नये असं जयंतीच्या भाषणात आपणच सांगतो. मीही सांगितलंय, शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून. आणि चांगली ताठ मानेनं सांगणारी मी, एका बाईनं भुवई चढवली तर पोरीच्या मागे जाऊन लपले.

मी तुझ्या सासूबाईंना पत्र लिहिणार आहे. लिहू का असं तुला विचारत नाही. विचारलं तर तू नको म्हणशील आणि मला सुटायला बरं होईल. तुला आधी कळावं, तू गाफील राहू नयेस, म्हणून हे लिहिते आहे. रविवारी टाकीन. मंगळवार-बुधवारपर्यंत पोचेल.

हेमावती


भालकी, २२ सप्टेंबर २०२४

सौ. श्रीदेवीबाईंना,

शरणु शरणार्थी.

मी हेमावती, शैलश्रीची आत्या. साखरपुड्यात तुमच्या हाती जो अल्बम आला आणि तुमच्या माणसांना जी कार्डं दिली, त्याबद्दल हे पत्र आहे. तुम्ही हे एकटीनं वाचा किंवा सगळ्यांना वाचून दाखवा, माझी कशाला हरकत नाही.

काळा रंग शैलानं निवडलेला नाही. मी निवडला. तिनं मला अडवलं होतं. "सांगलीची माणसं हायत, काळं नको," हे तिचे शब्द आहेत. तिनं हळदीचा पिवळा आणि हिरवा काढला होता, तो मी बाजूला सारला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी भरल्या हॉलमध्ये खोटं बोलले. तिनं मला खोटं पाडलं नाही, कारण तिला तसं वळण आहे. ते वळण मी लावलं असं म्हणायची माझी आज हिंमत नाही. ते तिच्या आईबापांचं आहे.

काळा शुभ की अशुभ यावर तुमच्याशी वाद घालायला मी बसलेले नाही. आमच्या बिदरकडे काळ्यावरच चांदी खुलवतात आणि ते लग्नात देतात. तुमच्याकडे चालत नाही, आणि घर तुमचं आहे. मंगळसूत्रातले मणी मात्र दोन्हीकडे काळेच असतात. हे शेवटचं वाक्य मी खोडणार होते, पण राहू दे. माझा स्वभाव तसा आहे हे तुम्हाला कळलेलं बरं. म्हणजे तिचा स्वभाव तसा नाही हेही कळेल.

तुमच्या मालकांच्या पायाचं वाईट वाटलं. तो त्या कार्डांमुळे मोडला असं तुमचं मत असेल, तर तो माझ्यामुळे मोडला. जे बोलायचं ते मला बोला. फोन नंबर पाकिटावर लिहिला आहे. दिवसभर घरीच असते.

पोरीचे हात चांगले आहेत. रंगाची समज तिला माझ्याहून जास्त आहे. दीड वर्ष तुमच्या घराला ती मिळाली नाही, याला जबाबदार मी आहे.

आपली,
हेमावती


भालकी, १४ ऑक्टोबर २०२४

शैला,

तुझ्या सासूबाईंनी मला फोन केला नाही. अण्णांना केला. तीन आठवडे वाट पाहिली मी. भाजी चिरतानाही फोन शेजारी ठेवत होते. त्यांनी अण्णांना सांगितलं, "आत्याबाईंना आणू नका. त्या समोर आल्या तर माझ्या तोंडून काहीतरी जाईल, आणि त्या दिवशी मला ते नकोय."

त्यावर अण्णा माझ्यावरच चिडून आले. "कामून लिवलीस? माझ्या म्होरं कबूल केलीस, तितकं बास व्हतं की. आता येकुलत्या आत्याबिगर कुबसा व्हायलाय पोरीचं. लोक काय म्हणतील?"

मी म्हणाले, "लोकांचा इचार करून करूनच हितं आलोय आपण."

ते बसले. या खेपेला चहा प्याले. जाताना म्हणाले, "तुझं नाव घेऊन चोळी देईन मी." माझ्या भावाला याहून जास्त बोलता येत नाही, आणि मला याहून जास्त नको होतं.

श्रीदेवीबाईंचा मला राग आलेला नाही. खरं तर त्या मला आवडल्या. समोर आल्यावर गोड बोलून मागे कुजबुजण्यापेक्षा येऊ नका म्हणणं चांगलं. माझ्याकडे तेवढा सरळपणा असता तर हे काहीच झालं नसतं.

एक कबूल करते. या तीन आठवड्यांत माझ्या हातांना स्वस्थ बसवेना. हिरव्या कागदाच्या बांगड्या, पिवळ्या फुलांच्या चिठ्ठ्या, ओटीच्या ताटांवर लावायला जरीच्या काठाची छोटी झुंबरं, सगळं करून झालं. वहिनींच्या पिशवीत घालायला काढलंही होतं. मग परत कपाटात ठेवलं. पुन्हा कुणी विचारावं "हे कुणी केलं", यासाठी मी ते केलं होतं का, याचं उत्तर मला देता येईना. म्हणून माझ्या हातचं काही येणार नाही. फक्त चोळीचं कापड माझ्या पैशाचं आहे, आणि तेही अण्णांना पसंत करायला लावलं. त्यांनी भडक पोपटी घेतलंय. मी तोंड मिटून घेतलं.

शुक्रवारी तुम्ही सगळे तिकडे असाल तेव्हा मी घरीच असेन. माझी काळजी करू नकोस. तू करतही नसशील, आणि तेही बरोबरच आहे. एवढंच मागणं आहे की तुझ्या हातांना जे करावंसं वाटतं ते करू दे. त्यासाठी मला माफ करायची अट नाही.

हेमावती


सांगली, २१ ऑक्टोबर २०२४

आत्या,

तुझी चारही पत्रं पोचली. शाळेतला शिपाई आणून द्यायचा तेव्हा मी ती पर्समध्ये टाकायची आणि दोन-दोन दिवस उघडायची नाही. मग पोरांची मधली सुट्टी झाली की वर्गात एकटी बसून वाचायची. दुसरं वाचलं तेव्हा सुट्टी संपून पोरं आत आली होती. एका पोरीनं विचारलं, "बाई, पोटात दुखतंय का?" मी हो म्हटलं.

कुबसा चांगलं झालं. आई-अप्पा खूश होते. तुझ्याकडचं पोपटी कापड खरंच फार भडक आहे, पण मी तीच चोळी घातली. आता काय घडलं ते सांगते.

तुझं पत्र सासूबाईंनी वाचल्याचं मला कळलं होतं, कारण त्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं. पण तीन आठवडे त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. कुबसाच्या सकाळी पाहुणे यायच्या आत त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

म्हणाल्या, "दीड वर्ष तुला ताटाला हात लावू दिला नाही मी. तू एकदाही तोंड का उघडलं नाहीस?"

मी म्हटलं, "उघडलं असतं तर तुम्ही आत्याला बोलला असता."

"ते आता बोललेच की. येऊ नका म्हटलं."

"ते चुकलं तुमचं," मी म्हटलं. कसं म्हटलं मला ठाऊक नाही. या घरात त्यांना मी कधी एवढं बोलले नव्हते.

त्यांनी ओटा पुसला. माझं चुकलं असं म्हणाल्या नाहीत. त्यांच्या तोंडून ते यायचं नाही, आणि मी वाटही पाहत नव्हते. त्यांनी फडताळातून आरतीचं ताट काढलं, पंचपाळं काढलं, फुलांची परडी काढली आणि सगळं माझ्यापुढे ठेवलं. "तूच लाव. मला रंगातलं काही कळत नाही," म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या. बाहेर जाऊबाईंना सांगताना ऐकलं, "थांब गं, शैला करते आहे."

आत्या, पहिल्यांदा जमलंच नाही. हळद सांडली. मग लागलं ताट. पिवळं भाकरीएवढं, हिरवं भाजीएवढं. बायका विचारत होत्या कुणी केलं. सासूबाईच सांगत होत्या.

आता तुला एक सांगायचं आहे, कारण चार पत्रांत तू सगळं लिहिलंस पण हे तुझ्या लक्षातच आलेलं नाही. तू माझं नाव घेतलंस त्याचा राग मला एकच दिवस होता. घाबरलीस हे मला दिसलं होतं. तुला मी घाबरलेलं पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून तर "मीच" म्हणून गेले. पण त्या संध्याकाळी भालकीच्या घरी मी आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून बसले होते. आत्या येईल, शेजारी बसेल, काही बोलली नाही तरी डोक्यावर हात ठेवेल. तू हॉलमधून गोळा करून आणलेली कार्डं घेऊन बाहेरच बसलीस. वाकलेल्या पाकळ्या सरळ करत होतीस. एक-एक वेल पुसत होतीस. मी दारातून बघत होते. शेवटी मी दार लावून घेतलं आणि ते दीड वर्ष लावलेलं राहिलं.

बाळंतपणाला अप्पा म्हणाले मंठाळला चल, बसवकल्याणचा दवाखाना जवळ आहे. मी म्हटलं, मला भालकीचा दवाखाना हवा आणि भालकीचंच घर हवं. आई थोडी नाराज झाली, पण तीही महिनाभर तिथेच येऊन राहणार आहे. सासूबाई स्वतः सोडायला येणार म्हणतात. त्या तुला काय बोलतील मला ठाऊक नाही. ऐकून घे.

दिवाळी झाली की पहिल्या आठवड्यात निघू. माझा राग अजून गेलेला नाही, आत्या. तो घेऊनच येते आहे. बाळंतपण धरून चार महिने राहीन, तेवढ्यात जाईल असं वाटतं. नाही गेला तर पाचवा महिना राहीन.

शैला